सातारा रस्त्यावरची पाणवनस्पतींची रोपवाटिका आणि आमच्या अंगणातली कुमुदिनी

तीन वर्षांत या रोपवाटिकेतून मी कुमुदिनीची सात रोपं आणली. सहा जगली. सातवं का गेलं ते त्यांनीच फोनवर वीस मिनिटं एकेक गोष्ट विचारून शोधून काढलं, आणि बदली रोपाचे पैसे घेतले नाहीत. ज्यांना नुसतं 'घ्यावं की नाही' एवढंच हवंय त्यांनी इथे थांबलं तरी चालेल: जरूर घ्या. पण घरी आपल्या मातीतलं पाणफूल लावायची ज्यांची मनापासून इच्छा आहे त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते, कारण मी सुरुवात केली तेव्हा मला हे सांगणारं कोणी भेटलं नव्हतं.

आधी कुमुदिनी म्हणजे कोणती ते. हे नाव आपल्याकडे एकाहून जास्त फुलांना आहे. चंद्र उगवला की फुलते ती संस्कृत काव्यातली कुमुदिनी म्हणजे रात्री उमलणारं पांढरं कमळ. मी म्हणते ती कासच्या कुमुदिनी तलावातली, शास्त्रीय नाव निम्फॉइडिस इंडिका. पानं कमळाच्या जातीची वाटतात, गोल, देठाशी चिरलेली, पाण्यावर पसरलेली. फूल मात्र दोन रुपयांच्या नाण्याएवढं. पाच-सहा पांढऱ्या पाकळ्या, मधोमध पिवळाधमक ठिपका, आणि पाकळ्यांवर अगदी टोकापर्यंत पांढरी लव. लांबून बघितलं तर पाण्यावर कापूस सांडलाय असं वाटतं. सकाळी आठच्या सुमाराला उमलतं, दुपार कलली की मिटतं. दुसऱ्या दिवशी ते फूल नसतं, पण त्याच झुपक्यातली पुढची कळी तयार असते.

माझी आई ८३ वर्षांची आहे. तिचं माहेर साताऱ्याच्या वरच्या अंगाला, कासच्या रस्त्यावर. लहानपणी ती म्हशींमागे त्या पठारावर हिंडलेली. तेव्हा ना तिकीट होतं, ना कुंपण, ना बघायला येणारे लोक. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या जागा जागतिक वारशाच्या यादीत घेतल्या, त्यात कास गेलं आणि मग गर्दी वाढली. पठारापासून कुमुदिनी तलाव राजमार्ग नावाच्या जुन्या वाटेने तीन-चार किलोमीटर चालत आहे. गुडघे गेल्यापासून आईला तिथवर जाणं शक्य नाही. 'एकदा ती पांढरी फुलं बघायची होती गं,' असं ती दर भादव्यात म्हणायची. कासवरून काडीही उचलायला बंदी आहे, आणि ती असायलाच हवी. म्हणून मी रोप शोधायला लागले.

पहिला प्रयत्न ऑनलाइन केला. एका विक्रेत्याने 'कुमुदिनीचे कंद, तीन नग' म्हणून पाठवले. एक डब्यातच कुजलेला निघाला, दुसरा उगवलाच नाही, आणि तिसऱ्याला चार महिन्यांनी भडक गुलाबी कमळ आलं. परदेशी संकर जातीचं. फूल चांगलं होतं, पण आईने बघितलं आणि 'हे आमचं नव्हे' म्हणून आत गेली. मग एका ओळखीच्या बाईंनी या रोपवाटिकेचा पत्ता दिला.

जागा खेड शिवापूरचा टोलनाका ओलांडून नसरापूरच्या अलीकडे, हमरस्त्यापासून दीडेक किलोमीटर आत. पाटी नाही. फाटकावर निळ्या ऑइल पेंटने नुसतं 'देशी पाणवनस्पती' लिहिलंय. पस्तिशीच्या आसपासचं नवरा-बायकोचं जोडपं हे सगळं सांभाळतं; मी त्यांना दादा आणि वहिनी म्हणते. शनिवार-रविवारीच उघडं असतं आणि गर्दी त्यांना झेपत नाही, म्हणून त्यांच्या विनंतीवरून इथे नाव-नंबर देत नाही. त्या बाजूला गेलात तर कोणीही दाखवेल.

आत गेल्यावर दिसतात त्या सेप्टिक टाकीला वापरतात तसल्या सिमेंटच्या कड्या, खाली तळ बंद करून पाण्याने भरलेल्या, ओळीने मांडलेल्या. शिवाय मासळीवाल्यांकडून आणलेले थर्माकोलचे खोके, दोन जुने बाथटब. एका कडीत निळं कमळ, एकीत शिंगाडा, कडेच्या ओल्या वाफ्यांत वेखंड आणि ब्राह्मी, मागे पाणकणसाचं बेट. आणि नऊ कड्यांमध्ये कुमुदिनी. मी पहिल्यांदा गेले ती सप्टेंबरची सकाळ होती. त्या नऊच्या नऊ कड्या फुलल्या होत्या आणि मी काही न बोलता बराच वेळ तिथे उभी राहिले. वहिनींनी न विचारता खुर्ची आणून दिली.

मला सगळ्यात आवडलं ते त्यांचं 'नाही' म्हणणं. माझ्यासमोर एक गृहस्थ वायतुरा मागायला आले होते. वायतुरा म्हणजे अपोनोजेटन सातारेन्सिस, इंग्रजी वाय अक्षरासारखा दुफाटा तुरा येणारी, फक्त सह्याद्रीतल्या काससारख्या पठारांवरची पाणवनस्पती. सुंदरराघवन, ए. आर. कुलकर्णी आणि एस. आर. यादव या वनस्पतीशास्त्रज्ञांनी १९८२ साली तिची शास्त्राला नव्याने ओळख करून दिली. ते गृहस्थ दुप्पट पैसे द्यायला तयार होते. दादांनी हात जोडले. 'ती पठारावरच बघायची साहेब. आमच्याकडे नाही, आणि कोणाकडे असली तरी घेऊ नका.' जलपर्णीचंही तसंच. जांभळी फुलं बघून लोक मागतात, पण दक्षिण अमेरिकेतून आलेल्या त्या वनस्पतीने आपल्या मुळा-मुठेचं आणि कोल्हापूरच्या रंकाळ्याचं काय केलंय ते सगळ्यांनी बघितलंय. ते ती ठेवत नाहीत. तिचा एक तुकडा दिसला तरी उचलून उन्हात वाळवून जाळतात.

मग कुमुदिनी कुठून आली, हे मी विचारलंच. त्यांच्या गावच्या तळ्याचा गाळ पोकलेनने काढला, तेव्हा काठावर टाकलेल्या चिखलाच्या ढिगात कुमुदिनीची खोडं वाळत पडली होती. दोन पाट्या भरून त्यांनी घरी आणली. आजची सगळी रोपं त्या दोन पाट्यांची. तळ्यातून उपटून आणलेलं रोप आणि कुंडातल्या रोपाची फूट काढून केलेलं रोप यांत ग्राहकाला काही फरक दिसत नाही, पण फरक तिथेच आहे. कुठल्याही रोपवाटिकेत देशी पाणफूल दिसलं तर हा प्रश्न पहिला विचारा, आणि उत्तर द्यायला माणूस अडखळला तर पुढे चला.

रोपाची किंमत १२० रुपये. एका रोपाला तीन-चार पानं आणि मूळ धरलेलं खोड. लावायची रीत त्यांनी करूनच दाखवली. पसरट घमेलं घ्यायचं, त्यात शेतातली साधी माती, काळी असो वा तांबडी. कोकोपीट नाही, गांडूळखत नाही, पालापाचोळ्याचं खत तर अजिबात नाही, कारण ते सगळं तरंगून वर येतं आणि पाणी नासतं. रोप बसवल्यावर मातीवर बोटभर जाडीची वाळू, म्हणजे पाणी ओतताना माती ढवळत नाही. घमेलं हौदात ठेवून पाणी हळूहळू वाढवायचं, सुरुवातीला मातीवर चार बोटं, पानं लांबली की फूट-दीड फूट. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून मग घालायचं. ऊन निदान पाच-सहा तास. 'आणि काकू, लाडाने खत घालू नका,' हे त्यांनी तीन वेळा सांगितलं. मी एकदा शेणखताची मूठ टाकलीच. आठवड्यात पाणी पोपटी झालं, तळ दिसेना. अर्धं पाणी काढून झाडांना घातलं, नवं भरलं, तेव्हा कुठे महिन्याभराने निवळलं.

आमचं धनकवडीचं जुनं बैठं घर आहे. अंगणात धुणं धुवायचा सिमेंटचा हौद वापराविना पडून होता, अडीच फूट बाय चार फूट. कुमुदिनी त्यातच लावली. जुलैमध्ये लावलेल्या रोपाला ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात कळ्या आल्या. या वनस्पतीत कळ्यांचा झुपका पानाच्या अगदी खाली, देठातूनच फुटतो. त्यामुळे फूल पानाच्या कुशीतून वर आल्यासारखं दिसतं. तोच सांधा तोडून चिखलात दाबला की त्याला मुळं फुटून नवं रोप होतं. मी शेजारी दोघींना अशीच रोपं करून दिली. पहिलं फूल उमललं त्या दिवशी आई सकाळी चहाचा कप घेऊन हौदापाशी बसली ती साडेअकराला उठली. तेव्हापासून रोज फुलं मोजायचं काम तिचं. कॅलेंडरवर आकडा लिहिते. गेल्या सप्टेंबरमधला सगळ्यात मोठा आकडा २३ आहे.

आता सातव्या रोपाचं. भाच्याने हौसेने उन्हावर चालणारं छोटं कारंजं आणून हौदाच्या दुसऱ्या टोकाला लावून दिलं. तिथलं रोप दोन आठवड्यांत काळं पडलं. मी फोन केला. दादांनी विचारलं: ऊन किती, माती कुठली, पाणी कधी बदललं, पानं आधी कुठून कुजली, वरून की खालून. वरून म्हटल्यावर लगेच म्हणाले, 'पाण्यावर काही पडतंय का?' तरंगणाऱ्या पानांची श्वासाची छिद्रं वरच्या बाजूला असतात. सतत शिंतोडे पडले की पान गुदमरतं आणि सडतं. कुमुदिनीला संथ पाणी लागतं. कारंजं काढलं, नवं रोप त्याच जागी लावलं, आज तेच सगळ्यात पसरलंय.

अळीचाही प्रश्न आला. पानांना लंबगोल खिडक्या पडायला लागल्या, जणू कोणी कात्रीने कापून नेल्यात. तीन दिवस मला काहीच सापडेना. मग एका पानाखाली हिरवा तुकडा चिकटलेला दिसला, तो नखाने सोडवला तर पानाचे दोन तुकडे एकमेकांवर शिवलेले, आणि त्या पाकिटाच्या आत पांढुरकी अळी. पाण्यातल्या एका जातीच्या पतंगाची अळी स्वतःसाठी असं घर करते आणि घरासकट तरंगत एका पानावरून दुसऱ्यावर जाते. मी फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. वहिनींचं उत्तर रात्री आलं: 'औषध मारू नका काकू, मासे-बेडूक मरतील. रोज सकाळी पाकिटं वेचा.' पंधरा दिवस वेचली. आईला चष्म्याशिवाय दिसत नाही, पण पाकिटं तिलाच जास्त सापडली.

डासांची भीती घालणारे शेजारी असतातच, आणि पुण्यात डेंग्यू बघता ती भीती खोटी नाही. त्यावर या लोकांनी गप्पी मासे दिले नाहीत. गप्पी आपले नव्हेत, तेही दक्षिण अमेरिकेतले. त्यांनी दिले ते ओढ्यांत मिळणारे, डोक्यावर चांदीचा ठिपका असलेले बोटभर देशी मासे, सहा नग ६० रुपयांना. हे मासे पाण्याच्या पृष्ठभागाशीच राहतात आणि डासांच्या अळ्या टिपतात. तीन वर्षांत हौदात मला वळवळणारी अळी दिसलेली नाही. दिसतं ते वेगळंच: चतुर, त्यांच्यासारख्याच पण बारीक टाचण्या, सकाळी फुलांवर सातेरी मधमाश्या, आणि उन्हाळ्यात पानावर उतरून पाणी पिणाऱ्या त्याच मधमाश्या. टाचणी पानाच्या कडेला शेपूट वाकवून अंडी घालताना मी डोळ्यांनी पाहिली. जोडीतला नर तिची मान धरून ताठ उभा होता आणि ती हळूहळू पाण्यात उतरत होती.

तक्रारीही आहेत, त्या लिहिल्याच पाहिजेत. पहिल्या रोपाबरोबर टिकल्यांसारखी तरंगणारी बारीक हिरवी वनस्पती आली. दोन-चार ठिपके होते, मी दुर्लक्ष केलं, महिन्यात अर्धा हौद झाकला. चहाच्या गाळणीने काढून काढून दोन महिने गेले. मी सांगितल्यावर आता ते रोप देण्याआधी तीन पाण्यांतून धुतात, पण तुम्हीही घरी आणल्यावर आठ दिवस रोप वेगळ्या बादलीत ठेवा. दुसरी गोष्ट, ते मातीची पिशवी ८० रुपयांना विकतात. ती घेऊ नका. कुठल्याही शेतातली माती चालते, हे त्यांनीच मला सांगितलंय. तिसरी म्हणजे फोन. दिवसा लागत नाही, संध्याकाळी सहानंतरच. बाहेरगावी रोप पाठवतात ते ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, आणि माझ्या नाशिकच्या बहिणीला पाठवलेल्या रोपाची चारपैकी तीन पानं मोडून पोहोचली. खोड चांगलं होतं म्हणून वाचलं. शक्य असेल तर स्वतः जाऊन आणा.

रोप देताना ते एका वहीत आपलं नाव आणि रोप कुठे लावणार ते लिहून घेतात, आणि कुठल्याही नैसर्गिक तळ्यात, नदीत सोडणार नाही असं कबूल करून घेतात. मला आधी नवल वाटलं. देशीच आहे ना, मग काय बिघडलं? दादांचं म्हणणं असं की रोपाबरोबर माती जाते, गोगलगाईची अंडी जातात, ती हिरवी टिकली जाते. आणि एका तळ्यातली कुमुदिनी दुसऱ्या तळ्यात नेऊन घातली तर तिथली मूळची कुठली आणि आणलेली कुठली, ते पुढे कोणालाच कळणार नाही. मला पटलं.

माझ्या भावाच्या शेतासाठी मात्र त्यांनी स्वतःहून रोपं दिली, कारण ते शेत त्यांच्या तळ्यापासून चार-पाच किलोमीटरवर, त्याच ओढ्याच्या खोऱ्यात आहे. भोरच्या बाजूला त्याचं भाताचं खाचर आहे. खालच्या कोपऱ्यात पाणी जानेवारीपर्यंत साचून राहतं. तिथे भात नीट येत नाही, म्हणून तो कोपरा पडीकच होता. त्याच्याकडे प्लास्टिक अंथरलेलं शेततळंही आहे, पण त्यात काही रुजत नाही. मुळाला चिखल लागतो. त्या पडीक कोपऱ्यात तीन रोपं लावली. पहिल्या वर्षी म्हशी बसल्या आणि सगळं तुडवलं गेलं, भाऊ म्हणाला नाद सोड. दुसऱ्या वर्षी त्याने करवंदीच्या फांद्यांचं कुंपण केलं. उन्हाळ्यात कोपरा पूर्ण भेगाळला, वरचं सगळं वाळून गेलं आणि मी आशा सोडली होती. जूनच्या शेवटी पाणी भरलं आणि जुलैमध्ये त्याच जागी लाल-हिरवी कोवळी पानं वर आली. चिखलातली खोडं तग धरून होती. यंदा पोळ्याच्या सुमाराला भावाने फोटो पाठवला: पांढरा कोपरा, पलीकडे पोटरीला आलेला भात, आणि पाण्यात पाय टाकून उभा असलेला एक ढोकरी बगळा. खाली लिहिलं होतं, 'आईला दाखव.'

एक गोष्ट मला बरेच दिवस कोडं होती. हौदात इतकी फुलं येतात, मधमाश्या येतात, तरी बी धरत नाही. दादांनी पुढच्या भेटीत भिंग हातात दिलं. कुमुदिनीची फुलं दोन तऱ्हेची असतात. एकीत मधली कुक्षी लांब आणि पुंकेसर आखूड, दुसरीत कुक्षी आखूड खोल बसलेली आणि पुंकेसर उंच. एका तऱ्हेच्या फुलाला दुसऱ्या तऱ्हेच्या फुलाचे पराग मिळाले तरच नीट बी धरतं. माझी सगळी रोपं एकाच खोडाची लेकरं, सगळी लांब कुक्षीची. त्यांच्या गावच्या तळ्यात दोन्ही तऱ्हा होत्या, पण आखूड कुक्षीची त्यांच्याकडे एकच कडी होती आणि ते ती विकत नव्हते. मी नाव नोंदवून ठेवलं. चौदा महिन्यांनी, गेल्या जुलैत, वहिनींचा फोन आला: 'काकू, तुमचं रोप तयार आहे.' त्याचेही १२०च घेतले.

आता हौदात दोन्ही तऱ्हा आहेत. सप्टेंबरमध्ये बघितलं तर मिटलेली काही फुलं दुसऱ्या दिवशी नुसती विरघळली नाहीत; देठ वाकून पाण्याखाली गेले आणि टोकाला हरभऱ्याहून लहान बोंडं धरली. ऑक्टोबरमध्ये दोन बोंडं फुटली, त्यातल्या बारीक बिया मी गाळणीवर धरल्या. वाळू दिल्या नाहीत, औषधाच्या रिकाम्या बाटलीत हौदाचंच पाणी घालून त्यात ठेवल्या आणि पुढच्या शनिवारी आईला गाडीत बसवून रोपवाटिकेत घेऊन गेले. दादांनी बिया बशीत ओतून मोजल्या. ४१ भरल्या. वहीत तारीख लिहिली, पुढे 'धनकवडी' लिहिलं. मग आईला विचारलं, 'आजी, तुमचं नाव काय लिहू?'